दुर्मीळ पोकेमॉनची वर्गवारी

प्रश्न : पोकेमॉनच्या खेळांत मिळालेल्या प्राण्यांची मी एक वही ठेवते. ड्रॅगोनाइट, म्यू आणि अल्ट्रा बीस्ट यांची नोंद मी ‘लेजेंडरी’ (खेळाच्या जगातील दंतकथांशी जोडलेले पोकेमॉन) या एकाच रकान्यात केली होती. माझ्या मैत्रिणीच्या मते तिन्ही नोंदी चुकीच्या आहेत. मग निकष कोणता मानावा?

उत्तर : आपल्या मैत्रिणीचे म्हणणे बरोबर आहे. एखादी प्रजाती लेजेंडरी आहे की नाही हे तिच्या ताकदीवरून किंवा ती पकडायला किती अवघड आहे यावरून ठरत नाही. खेळाच्या निर्मात्यांनी तिला त्या जगाच्या कथेत कोणते स्थान दिले आणि कोणत्या गटात जाहीर केले, यावरून ते ठरते.

ताकदीचा निकष लावून पाहिला, तर तो लगेच कोलमडतो. स्लेकिंग या साध्या प्रजातीच्या लढाईतील ताकद ठरवणाऱ्या सहा मूळ गुणांची बेरीज ६७०, म्हणजे लेजेंडरी ग्राउडॉनइतकीच आहे, तर कॉस्मॉगची बेरीज अवघी २०० असूनही तो लेजेंडरी आहे, कारण पुढे त्याचाच सोल्गालिओ किंवा लुनाला होतो. पकडण्याच्या दराचेही (आकडा जितका लहान, तितके पकडणे अवघड) तसेच आहे : लेजेंडरी म्यूटूचा दर ३, साध्या बेल्डमचाही ३, आणि म्यूचा मात्र ४५. ड्रॅगोनाइटसारख्या, तीन टप्प्यांत वाढणाऱ्या आणि ६०० बेरजेच्या प्रजातींना खेळाडू ‘स्यूडो-लेजेंडरी’ म्हणतात. ही संज्ञा उपयोगी असली तरी ती चाहत्यांनी रूढ केलेली आहे, तेव्हा तिच्यासाठी वेगळा रकाना आखावा.

म्यू मिथिकल गटात मोडतो. या गटातील पोकेमॉन बहुधा नेहमीच्या खेळात भेटत नाहीत, ठरावीक काळापुरत्या वाटपातून मिळतात. तरीही मिळण्याची वाट बदलली म्हणून गट बदलत नाही : २०१४ च्या ओमेगा रुबी आणि आल्फा सफायर या खेळांत डिऑक्सिस थेट कथेतच पकडता येतो, पण तो मिथिकलच राहिला. मिथिकल मनाफी आणि बहुतेक प्रजातींशी जोडी जमवू शकणारा डिट्टो यांच्या अंड्यातून जन्मणाऱ्या फिओनवरून चाहत्यांत जुना वाद आहे. अंड्यातून हवे तितके मिळवता येणारे मिथिकल कसे, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. तरी त्याचे नाते मिथिकल मनाफीशीच असल्यामुळे मी त्याला मिथिकलमध्येच ठेवीन.

अल्ट्रा बीस्ट हा २०१६ च्या सन आणि मून या खेळांपासूनचा स्वतंत्र गट आहे. हे दुसऱ्या विश्वातून आलेले जीव असून त्यांच्यावर बीस्ट बॉल (खास त्यांना पकडण्यासाठीचा चेंडू) पाचपट प्रभावी ठरतो, तर बहुतेक इतर बॉलांचा प्रभाव एक दशांशावर येतो. एवढा वेगळा नियम असलेल्या गटाला लेजेंडरीत मिसळणे मला मुळीच पटत नाही. वहीत एका प्रजातीला दोन गट देण्याची सोय मात्र जरूर ठेवावी, कारण २०२२ मधील कोरायडॉन आणि मिरायडॉन हे लेजेंडरीही आहेत आणि पॅरॅडॉक्सही (प्राचीन किंवा भविष्यकाळातून आलेल्या प्रजातींचा गट).

प्रश्न : शायनी, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या रंगाचे, पोकेमॉन कोणत्या गटात धरावेत?

उत्तर : कोणत्याही नाही. शायनी असणे हा प्रजातीचा नव्हे, तर त्या एका प्राण्याचा गुण आहे. पूर्वी ८१९२ मध्ये एक आणि २०१३ च्या एक्स आणि वाय या खेळांपासून ४०९६ मध्ये एक, अशी त्याची मूळ शक्यता आहे. त्या प्राण्याच्या नावापुढे खूण करावी; गट तोच राहू द्यावा.