प्लगइन एकटं चालतं, दोन एकत्र आली की बिघडतं: रचना कशी करावी?

तुमचं म्हणणं असं की प्रत्येक प्लगइन (मूळ प्रोग्रॅमला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम) एकटं नीट चालतं, पण दोन एकत्र बसवली की एकाचं काम गायब होतं. यात दोष बहुधा प्लगइन लिहिणाऱ्यांचा नसतो, मूळ प्रोग्रॅमच्या रचनेचा असतो. माझ्या एका प्रोग्रॅममध्ये मी प्लगइनला 'सेव्ह'चं फंक्शनच (ते काम करणारा कोडचा तुकडाच) बदलू देत होतो. दोन प्लगइन्सनी ते बदललं. नंतर लोड झालेल्याने आधीचं फंक्शन बोलावलंच नाही, त्यामुळे पहिल्याचं काम न होताच फाइल सेव्ह होत राहिली. एरर कुठेच नाही, म्हणून सापडायला फार वेळ गेला.

तेव्हापासून माझा एकच आग्रह आहे: प्लगइनने काय हवं ते सांगावं, जोडणी मूळ प्रोग्रॅमने करावी. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे तिथलं प्लगइन, आपल्या कमांड, मेनू, शॉर्टकट मॅनिफेस्ट फाइलमध्ये (स्वतःची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) आधीच जाहीर करतं. याउलट फायरफॉक्सची जुनी ॲड-ऑन्स, म्हणजे त्याची प्लगइन्स, ब्राउझरच्या आतल्या भागांत थेट हात घालायची. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या ५७व्या आवृत्तीने ती पद्धत बंद केली.

खरी कसोटी लागते ती दोघांनी एकाच गोष्टीवर हक्क सांगितला तेव्हा. याचं उत्तर प्रत्येक जागी वेगळं असतं. मेनूत दोघांच्याही ओळी दाखवता येतात. मजकुरावर प्रक्रिया असेल तर साखळी करा, एकाचा निकाल पुढच्याच्या हातात. परवानगीच्या बाबतीत एकाचाही नकार पुरेसा मानावा. फाइल उघडण्यासारखं काम मात्र एकालाच देता येतं. तिथे वापरकर्त्याला विचारा आणि त्याची निवड जपून ठेवा.

कोणाचं काम आधी, हा क्रम ठरवण्यासाठी वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रोग्रॅमच्या हुक्समध्ये (प्लगइनने आपलं फंक्शन जोडायच्या जागांमध्ये) आकडा असतो: न दिल्यास १०, लहान आकडा आधी. सोपं आहे, पण प्रत्येकाला शेवटचं व्हायचं असलं की आकडे फुगत जातात. मला 'अमक्याच्या आधी', 'तमक्याच्या नंतर' असं नाव घेऊन सांगायला लावणं जास्त पटतं. त्यातून क्रम प्रोग्रॅमने काढावा आणि चक्र तयार झालं (दोघांनाही एकमेकांच्या आधी यायचं असलं) तर सुरुवातीलाच थांबावं.

लायब्ररींच्या (आयत्या वापरायच्या कोडच्या) आवृत्त्या हेही एक दुखणं आहे. वर्डप्रेसमध्ये दोन प्लगइन्सनी एकच लायब्ररी वेगवेगळ्या आवृत्तीत आणली, तर एकाच नावाच्या क्लासपैकी (कोडच्या घटकांपैकी) आधी लोड झालेलाच चालतो. एक्लिप्स हा कोड लिहिण्याचा प्रोग्रॅम ओएसजीआय ही जावाची प्लगइन-व्यवस्था वापरतो. तिच्यात प्रत्येक बंडलला, म्हणजे प्लगइनला, वेगळा क्लासलोडर (क्लास लोड करणारा भाग) मिळतो, तो याच कारणासाठी उपयोगी पडतो.

तुम्ही आधी एवढं करा: प्लगइन्स लोड होण्याचा क्रम मुद्दाम उलटा करून सगळ्या टेस्ट चालवा. ज्या ठिकाणी निकाल बदलेल, तिथून दुरुस्तीला लागा.