टेस्टिंगची नोकरी हातात असताना लेक पीएचडी म्हणतेय

नानाभाऊ, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. चोपडा तालुक्यात केळी, लेक जळगावला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कॅम्पसमधून पुण्याच्या कंपनीत टेस्टिंगची नोकरी लागलीय, आणि ती म्हणतेय नोकरी नको, एमटेकची गेट परीक्षा देते, पुढं पीएचडी करते, विषय काय तर एआय वापरून सॉफ्टवेअरची टेस्टिंग आणि सिक्युरिटी. तुम्ही लिहिलंय "हाई काय नवीनच शे?" आणि खाली तीन प्रश्न: एआय टेस्टिंगच खाऊन टाकणार तर त्यात पीएचडी कशाला, हॅकिंग म्हणजे पोलिसांची भानगड तर नाही ना, आणि पाच वर्षं भागणार कसं.

नवीन आहे, पण वाटतं तेवढं नाही. 1988 ची गोष्ट. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातले बार्टन मिलर म्हणून प्राध्यापक वादळी रात्री घरून फोनच्या लायनीवरून विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर काम करत होते, पावसानं लायनीत खरखर व्हायची, त्या खरखरीतून कमांडमध्ये भलतीच अक्षरं घुसायची आणि चांगले चालणारे प्रोग्राम धडाधड बंद पडायचे. दुसरा कोणी लायनीला शिव्या देऊन झोपला असता. या माणसानं पोरांना प्रोजेक्ट दिला की मुद्दाम असला कचरा प्रोग्रामला खायला घाला आणि कोण कोण पडतं ते मोजा. 1990 ला पेपर आला, तपासलेल्या प्रोग्रामपैकी पाव ते एक तृतीयांश पडले होते. यालाच फझिंग म्हणतात, लेकीला विचारा, तिला माहीत असणार.

आता यात एआय कुठं आलं? फझिंग करायला आधी थोडा कोड हातानं लिहावा लागतो, प्रत्येक लायब्ररीसाठी, म्हणजे इतर प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडच्या गठ्ठ्यासाठी, वेगळा, आणि ते काम इतकं कंटाळवाणं की माणसं टाळतात. गुगल 2016 पासून ओएसएस-फझ नावानं ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा, सॉफ्टवेअरची अशी तपासणी फुकट करतंय, 2023 ला त्यांनी तो कोड एआयकडून लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं की त्यातून 26 नव्या चुका सापडल्या. त्यातली एक ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे इंटरनेटवरचा कितीतरी व्यवहार ज्याच्या कुलपावर चालतो त्यात, बहुतेक वीस वर्षं तशीच पडून होती. ऑगस्ट 2025 ला अमेरिकेच्या डार्पा या सरकारी संस्थेनं स्पर्धा घेतली, मशीननं आपणहून चूक शोधायची आणि दुरुस्तही करायची, पहिलं बक्षीस 40 लाख डॉलर. जिंकलेल्या टीममध्ये जॉर्जिया टेक आणि कोरियातल्या विद्यापीठांची माणसं होती.

पण तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे, मशीनच सगळं करतंय तर माणूस कशाला. याला माझ्याकडं एकच उदाहरण आहे, डोळ्यासमोर घडलेलं. मागं एक विद्यार्थिनी प्रोजेक्ट दाखवायला आली, गावातल्या दूध डेअरीसाठी बिलाचा प्रोग्राम, फॅट टाकली की भाव निघतो. एआयकडून टेस्ट लिहून घेतल्या होत्या, तीसेक असतील, स्क्रीनवर सगळ्या हिरव्यागार, म्हणजे पास. मी म्हटलं फॅट बरोबर 3.5 टाक. टाकली, तर भाव आला खालच्या पट्टीचा. डेअरीच्या छापील तक्त्यात 3.5 ला वरचा भाव होता. कोडमध्ये "3.5 पेक्षा जास्त" लिहिलेलं, हवं होतं "3.5 किंवा जास्त". मजा म्हणजे एआयनं 3.5 ची टेस्टसुद्धा लिहिली होती, फक्त अपेक्षित उत्तर म्हणून तो चुकीचाच भाव टाकला होता, कारण त्यानं तक्ता कुठं पाहिला होता, त्यानं कोड वाचला आणि कोड जे म्हणतो तेच बरोबर धरलं! पोरीचा चेहरा उतरला, मग पाच मिनिटांनी म्हणाली सर, मग बरोबर काय ते मशीनला सांगणार कोण. या प्रश्नाला संशोधनात टेस्ट ओरॅकलचा प्रश्न म्हणतात, एआयच्या कितीतरी आधीचा आहे, अजून सुटलेला नाही आणि एआय आल्यावर जास्त अडचणीचा झालाय.

म्हणून बटणं दाबून एक्सेलमध्ये पास-फेल भरायची टेस्टिंग आहे ना, ती कमी होणार, यात मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण एआयनं लिहिलेला कोड तपासायचं काम वाढतंय. 2021 ला न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी कोपायलट या कोड लिहिणाऱ्या एआयकडून मुद्दाम धोक्याच्या जागांचे 1,689 प्रोग्राम लिहून घेतले तर सुमारे 40 टक्क्यांत सिक्युरिटीची भोकं निघाली. टूल तेव्हापासून सुधारलीत, पण तपासल्याशिवाय कोण घेणार? उलट्या बाजूनं, इंटरनेटवरून डेटा आणणारं कर्ल नावाचं सॉफ्टवेअर सांभाळणारी मंडळी 2025 मध्ये वैतागली होती, लोक एआयकडून खोट्या चुकांचे रिपोर्ट लिहून पाठवायचे आणि यांचा वेळ त्यातला फोलपणा शोधण्यात जायचा. खरी चूक कोणती, खोटी कोणती, हे ठरवायची पद्धत शोधणं हाच मोठा विषय आहे.

पोलिसांचं म्हणाल तर भीती अगदीच खोटी नाही. दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये परवानगीशिवाय, अप्रामाणिक हेतूनं शिरलं तर आयटी कायद्याच्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, "मी शिकत होते" या कारणावर विसंबून राहू नये. संशोधन करणारे आपल्या मशीनवर ओपन सोर्स सॉफ्टवेअर घेऊन काम करतात, चूक सापडली की आधी गुपचूप बनवणाऱ्याला कळवतात, भारतात त्यासाठी सर्ट-इन ही सरकारी संस्था आहे. कॉलेजची वेबसाइट हॅक करून दाखवते म्हणाली तर मात्र लॅपटॉप काढून घ्या.

आता पैसा. गेटवर एमटेकला महिन्याला 12,400 मिळतात, त्यात पोरगी वसतिगृहात कशीबशी राहते, घरी पाठवायला काही उरत नाही. पीएचडीला 2023 पासून जेआरएफ ही फेलोशिप महिन्याला 37,000 आणि दोन वर्षांनी 42,000, घरभाडं वेगळं. शिवाय सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, ज्या प्रवर्गात बसता त्याची जाहिरात त्या-त्या वर्षी नीट वाचा, जागा आणि अटी बदलतात. ही केळीची बाग नाही नानाभाऊ, अकरा-बारा महिन्यांत घड कापला असं होत नाही, ही मोसंबी, पहिली चार-पाच वर्षं नुसतं पाणी घाला. आणि डोळे उघडे ठेवा, आपल्याकडं पीएचडी झालेली माणसं तासिका तत्त्वावर शिकवताना मी रोज बघतो. म्हणून "पीएचडी" पेक्षा कुठं आणि कोणाच्या हाताखाली हे जास्त बघायचं. आयआयटी मुंबई, कानपूर, हैदराबाद, बेंगळुरूची आयआयएससी, हैदराबादची ट्रिपल आयटी, तिथल्या प्राध्यापकांची पानं उघडून मागच्या तीन वर्षांचे पेपर कुठं आलेत ते बघायला सांगा. आयसीएसई (शाळेचं बोर्ड नव्हे), आयएसएसटीए, यूझनिक्स सिक्युरिटी या नावाजलेल्या परिषदांची नावं दिसली तर ठीक, पैसे भरून पंधरा दिवसांत छापणारं जर्नल दिसलं तर लांबूनच नमस्कार.

मला विचाराल तर घरात भांडण विनाकारण चाललंय. गेट फेब्रुवारीत असते, कंपनीचं जॉइनिंग डिग्रीनंतर. तिनं दोन्ही करावं. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे वर्ष-दीड वर्ष नोकरी करूनही अर्ज करता येतो, आणि टेस्टरच्या खुर्चीत बसून खरी कटकट काय असते ते एकदा अंगावर घेतलेलं पुढं संशोधनात कामाला येतं असं माझं मत आहे, सगळे मानत नाहीत. फक्त ऑफर लेटरमध्ये बाँड किती वर्षांचा आहे ते आजच बघा, दोन वर्षांच्या वर असेल तर हे गणित बिघडतं.

आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला एक काम द्या. एखादी छोटी ओपन सोर्स लायब्ररी घ्यायची, फझर लावायचा, एआयकडून टेस्ट लिहून घ्यायच्या, आणि त्यातल्या किती खोट्या ते वहीत लिहायचं. चौथ्या दिवशी कंटाळून मोबाईल हातात घेतला तर नोकरी बरी. रात्री अकराला तुम्हाला उठवून "पप्पा, बघा ना हे का पडलं" म्हणाली तर वही घेऊन दोघंही जळगावला या.

लग्नाचं तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय. ते मला नका विचारू, तिला विचारा.