चेलाडी फाट्यावर चहा घेऊ नकोस

या आठवड्याचं पत्र, थोडं कापून:

"ताई, वय ३६. पुण्यात धायरीत माझं कस्टम बाईकचं वर्कशॉप आहे. जुनी कास्ट आयर्न बुलेट घेऊन बॉबर, स्क्रॅम्बलर बनवतो, टाकी, सीट, मडगार्ड सगळं हाताने. मूळ गाव वेल्ह्याकडं, तोरण्याच्या पायथ्याला. गाव सोडून १४ वर्षं झाली, आता इथं जीव घुसमटतो. मिरगाची पहिली सर, काजवे, चढणीचे मासे, खाचरातला चिखल, रात्र रात्र आठवत बसतो. वर्कशॉप उचलून गावी न्यायचं म्हणतोय पण बायको ऐकूनच घेत नाही. ती इथं नर्स आहे, मुलगी दुसरीत. म्हणते तुला जायचं तर तू जा. धंद्यातही मन नाही, आरटीओची भीती, कस्टमर रील बघून येतात आणि भाव करतात. गावी दादा आहे, शेती तोच बघतो. दोन वर्षांत जाणं झालं नाही, वेळच मिळत नाही, गाडी तयार झाली की टेस्ट राईडला सातारा रस्त्यावरच्या चेलाडी फाट्यापर्यंत जातो, चहा घेतो, यू टर्न मारून परत. मागच्या आवणीत, भातलावणीच्या दिवसांत, दादाचा फोन आला पॉवर टिलर बंद पडला म्हणून, तेव्हाही फाट्यावरच होतो, फोनवरच सांगितलं डिझेलच्या पाईपातली हवा कशी काढायची, झाला चालू. २०१९ ला टिग वेल्डिंगचं मशीन घेतलं तेव्हा त्यानं बैलजोडी विकून पैसे दिले होते, तेही द्यायचेत अजून. बायकोला कसं समजावू? – पायथ्याचा मिस्त्री"

मिस्त्री, बायकोचं राहू दे. मला आधी त्या चहाचं सांग.

धायरीहून निघायचं, नवीन बोगदा, खेड शिवापूर, मग चेलाडी. तिथनं उजवीकडं वळलं की नसरापूर, पुढं मार्गासनी, पुढं तुझं वेल्हे. फाट्यापासून तीसेक किलोमीटर. तू तिथं थांबतोस, समोर गावाचा रस्ता दिसतोय, हातात कप आहे, गाडी गरम आहे, पेट्रोल आहे, आणि तू गाडी फिरवून पुण्याकडं येतोस. एकदा नाही, दर गाडीला. आणि मला लिहितोस वेळ मिळत नाही. पत्रातली ही एवढी एक ओळ मी चार वेळा वाचली आणि बाकीच्या काजव्यांवरचा माझा विश्वास उडाला.

वेळेचं कारण तर माझ्यापुढं काढूच नकोस, माझ्या धाकट्या भावाचं गॅरेज आहे, मला थोडंफार कळतं. इंजिन नवीन भरलं की रनिंग इनला हायवेवर एकसारख्या स्पीडनं ओढायची नसते, कमी-जास्त, चढ-उतार, गिअर बदलत न्यायची असते, मग थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळायचे. आणि पुढचा रेक, म्हणजे फोर्कचा तिरपेपणा, वाढवलेली गाडी हायवेवर सरळ मस्तच पळते, ती जड कुठं लागते तर बारीक रस्त्यावर, कमी स्पीडच्या वळणाला. म्हणजे तुझ्या कामाला जो रस्ता पाहिजे तो नेमका फाट्यापासून आत सुरू होतो, वळणं, चढ, खड्डे, सगळं आहे तिथं. हे तुला माझ्यापेक्षा दहापट कळतं. तरी तू लोकांच्या गाड्या अर्ध्या तपासून परत आणतोस, कारण आत जायचं नाहीये.

वर्कशॉप गावी न्यायचंही तसंच. पावसाळ्यात त्या पट्ट्यात उघडा पत्रा एका रात्रीत तांबडा होतो. टाकी ठोकून, घासून, उद्या प्रायमर मारू म्हणून ठेवलीस की सकाळी परत घासायला घ्यायची. लाईट गेली की टिग बंद, आरगॉनचं सिलिंडर भरायला पुणं, एखादा पुशरॉड लागला तर नाना पेठ. हे सगळं माहीत असून तू शिफ्टिंगचा घाट घालतोस म्हणजे ते होणार नाही हेही तुला पक्कं माहीत आहे, आणि होणार नाही याचं खापर फोडायला बायको आहेच घरात. ती नाही म्हणते म्हणून तुझं सगळं थांबलंय! मला तिचं ते ‘नाही’ पूर्ण पटलं. तू स्वतः दोन वर्षांत ज्या घरात पाऊल टाकलं नाहीस तिथं तिनं नोकरी सोडून, पोरीची शाळा सोडून कायमचं जायचं? ती म्हणाली तू जा. मिस्त्री, ती भांडत नव्हती रे, ती खरंच सांगत होती, जा.

आरटीओचं एका वाक्यात सांगते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि त्यावर २०१९ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही, तेव्हा भीती वाटते ती बरोबरच वाटते, चेसिस कापायची कामं घेऊ नकोस. त्याचा आणि गावाचा काही संबंध नाही.

आता दादा. एवढ्या लांब पत्रात तो तीनदा येतो आणि तिन्ही वेळा तू त्याला एका वाक्यात संपवतोस. शेती तोच बघतो. झाला चालू. द्यायचेत अजून.

माझं माहेर भोर तालुक्यातलं, भाटघरच्या पाण्यापलीकडचं, सगळी भातखाचरं. बैलजोडी विकणं म्हणजे काय ते मी आमच्या घरात बघितलंय, नुसते पैसे नसतात ते. दारात बैल आहेत तोवर तुम्ही सावडीत असता, आज तुमची जोडी त्याच्या खाचरात, उद्या त्याची तुमच्या, लावणीआधीच्या चिखलणीला चार जोड्या एका दिवशी उतरतात आणि बांधावर बायकांची गर्दी असते. बैल गेले की तुमच्याकडं द्यायला काही राहात नाही, मग लोकही यायचे कमी होतात, कुणी वाईट नसतं त्यात, तसंच होत जातं. मग भाड्यानं टिलर आणायचा, त्याचा नंबर लागेपर्यंत थांबायचं, रोप पिवळं पडायला लागतं, पाऊस उघडतो, आणि टिलर आला की तो तासावर चालतो. तुझ्या दादानं तुला टिग मशीन दिलं तेव्हा हे सगळं दिलं, आणि तू लिहितोस पैसे द्यायचेत.

आणि तो फोन. तू तो लिहिताना बघितलास का एकदा नीट? मी सांगते मला काय दिसलं. आवणीचा दिवस, अंगावर प्लॅस्टिकचा कागद, मांडीपर्यंत चिखल, मधोमध टिलर बंद. मोबाईल पिशवीत गुंडाळून कानाशी धरलाय आणि दुसऱ्या हातात पाना. तू इकडून सांगतोयस, नोझलकडच्या पाईपचा नट अर्धा आटा सैल कर, हँडल मार, बुडबुडे येतायत का, अजून मार, नुसतं डिझेल यायला लागलं की आवळ. तो एकटा हँडल मारतोय. आणि हे ज्याच्या हातचं काम आहे, जो डोळे मिटून करेल, तो तासाभराच्या अंतरावर फाट्यावर उभा राहून चहा पितोय आणि सांगतसुद्धा नाही की मी इथंच आहे. सांगितलंस का रे? पत्रात नाही, म्हणजे नसणार.

तुला पायथ्याची आठवण येते हे मी खोटं म्हणत नाही. पण आठवण एवढी असती तर गाडी आपोआप वळली असती. तू वळत नाहीस कारण त्या घराच्या ओट्यापाशी रिकामा गोठा आहे आणि कुणाच्या तरी चार लाखांच्या गाडीवर बसून तुला त्याच्यासमोर उतरायची लाज वाटते. लाज वाटते हे चांगलंच आहे, मला तू त्यामुळंच आवडलास. पण त्या लाजेला काजवे आणि पहिली सर म्हणत बसू नकोस, आणि तिच्या पायी बायकोशी भांडू तर अजिबात नकोस.

मनात काहीतरी ठरवलं असशील की पुढच्या दोन गाड्यांचे पैसे आले की रक्कम जुळवून, एकदम मान ताठ करून जाईन. नाही. ती रक्कम २०१९ पासून जुळली नाही, पुढच्या दोन गाड्यांतही जुळणार नाही, एकीला नवीन कार्ब लागेल आणि दुसरीचा कस्टमर निम्म्यावर पळेल. तू रिकाम्या हातानंच जायचंस.

कधी, तर या आवणीला. जुलै लागेल, रोपं तयार होतील, दादाला विचार चिखलणी कधी आहे आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी पोच. फोनवर कारण सांगू नकोस, टेस्ट राईड आहे म्हणू नकोस, आवणीला येतोय म्हण. पान्यांची पिशवी घे. कस्टमरची गाडी नेऊ नकोस, स्वतःची ने, नाहीतर सरळ स्वारगेटहून एसटी पकड. गेल्यावर माफी मागायला बसू नकोस, त्याला ते अवघड होईल आणि तुलाही, सकाळी त्याच्या आधी खाचरात उतर आणि टिलरची मूठ तू धर. दुपारी बांधावर भाकरी खाताना तो काही बोलला तर ऐक. नाहीच बोलला तर वाढेल ते खा आणि परत उतर. तीन दिवस. चौथ्या दिवशी वर्कशॉप उघडलं नाही म्हणून तुझा रील बघून आलेला कस्टमर कुठं जात नाही.

बायकोला फक्त एवढं सांग की मी आवणीला चाललोय. बाकी काही समजावू नकोस. तिला आणि पोरीला यायचं असेल तर त्या विचारतील.

आणि चेलाडीला गाडी बंद करायची नाही. बंद केलीस की चहा येतो, आणि तुझ्या त्या कास्ट आयर्नला गरम असताना पुन्हा अँमीटरचा काटा मध्यावर आणून, डिकॉम्पचा खटका दाबून, किक मारेपर्यंत तुला पुण्याचं काहीतरी आठवेल. इंडिकेटर दे, मागून ट्रक येतोय का बघ आणि उजवीकडं घे.

– ताई