हिमयुगातल्या गुहाचित्रांमधल्या ठिपके, शिड्या, चौकटी अशा चिन्हांचा अर्थ काय? ती पहिली लिपी होती का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. युरोपातल्या गुहांमध्ये गवे आणि घोडे यांच्या शेजारी जे ठिपके, रेघा, शिड्या, चौकटी दिसतात त्यांचा अर्थ काय, आणि त्यांना जगातली पहिली लिपी म्हणावं का.

दुसऱ्याचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी. लिपी नाही. लिपीत चिन्हं एकापुढे एक येतात, त्याच जोड्या पुन्हा पुन्हा सापडतात आणि त्यांतून बोललेली भाषा उभी राहते. या गुहांत चिन्हं बहुतेक वेळा एकेकटी किंवा छोट्या गटात असतात. स्पेनमधल्या ला पासिएगा गुहेत चिन्हांची एक रांग आहे, तिला ‘शिलालेख’ असंच नाव पडलंय. पण अशा रांगा इतक्या विरळ आहेत की त्यांवरून लिपी सिद्ध होत नाही.

आता अर्थ. ‘हे चिन्ह म्हणजे पाणी, ते म्हणजे स्त्री’ असं आज कुणीही सांगू शकत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यावर विसंबू नका. चातुर्मासात आपल्याकडे देवापुढे गोपद्मं काढतात. ती गाईची पावलं आहेत आणि तेहतीस काढायची असतात, हे व्रत करणारीला माहीत असतं. ती बाई आणि ते व्रत दोन्ही नाहीसं झालं, तर नुसत्या आकारावरून त्यातलं काहीही कळणार नाही. या गुहांच्या बाबतीत नेमकं तेच झालंय.

तरीही हाती काहीच नाही असं नाही. मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो एकच पुरावा: कोणतं चिन्ह कुठे सापडतं आणि कुठे सापडत नाही. कॅनडाच्या संशोधक जेनेव्हिव्ह फॉन पेट्झिंगर यांनी फ्रान्स, स्पेन, इटली, पोर्तुगालमधल्या गुहांची नोंद केली, तेव्हा सुमारे तीस हजार वर्षांच्या काळात मिळून चिन्हांचे जेमतेम ३२ प्रकार निघाले. माणसं मनाला येईल तशा रेघोट्या मारत असती तर प्रकार शेकड्यांनी निघाले असते.

त्यातही काही प्रकार ठरावीक टापूतलेच आहेत. फ्रान्सच्या दोर्दोन्य भागातलं छपरासारखं चिन्ह घ्या. मधे उभी रेघ, वरून दोन्ही बाजूंना उतरत्या रेघा, खाली आडवी रेघ, आत कधी बारीक रेघा तर कधी ठिपके. फों-द-गोम, ले काँबारेल, बेर्निफाल आणि रूफिन्याक या ले-झेझी परिसरातल्या गुहांत ते आहे, काही ठिकाणी थेट गव्याच्या किंवा मॅमथच्या (हिमयुगातल्या केसाळ हत्तीच्या) अंगावर. त्या टापूबाहेर ते जवळपास दिसतच नाही. याउलट एका बाजूला फुगवटा असलेली उभी रेघ पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी निओ आणि त्र्वा-फ्रेर गुहांत आहे आणि पार उत्तर स्पेनमधल्या एल पिंदाल गुहेतही आहे. म्हणजे पहिलं चिन्ह एका समूहाचं, आणि दुसरं दूरदूरच्या समूहांच्या ओळखीपाळखीचं असावं, असा माझा कौल आहे.

याच कसोटीवर जुने सिद्धांत लावून पाहा. गुहाचित्रांचे जुने फ्रेंच अभ्यासक आबे ब्रॉय यांना छपरांच्या चिन्हांत झोपड्या किंवा सापळे दिसले. तसं असेल तर शिकार सगळीकडे होत असताना सापळे एकाच खोऱ्यात का? १९६० च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आंद्रे लरवा-गुराँ यांनी चिन्हांची पुरुष आणि स्त्री अशी विभागणी केली: रेघा-ठिपके पुरुष, लंबगोल-चौकोन स्त्री. पुढे त्यांनी स्वतःच ही चिन्हं मानवी गटांची ओळख सांगणारी असावीत अशी मांडणी केली, आणि ती मला कितीतरी जास्त पटते. १९८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले संशोधक डेव्हिड लुईस-विल्यम्स आणि थॉमस डाउसन म्हणाले की समाधीसारख्या अवस्थेत माणसाच्या डोळ्यांपुढे जाळ्या, नागमोडी रेघा, ठिपके आपोआप तरळतात आणि तेच भिंतीवर उतरले. जाळी-ठिपक्यांपुरतं हे शक्य आहे. पण मेंदू सगळ्यांचा सारखा. मग छपराचं चिन्ह एवढ्याशा भागातच का राहिलं, याला या सिद्धांताकडे उत्तर नाही.

२०२३ मध्ये बेनेट बेकन आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांजवळचे ठिपके-रेघा म्हणजे चांद्रमास आणि ‘वाय’सारखं चिन्ह म्हणजे विण्याची वेळ, असं मांडलं. बातमी खूप गाजली. त्यावर अभ्यासकांनी कडक आक्षेपही घेतले. मलाही ते पटलेलं नाही, कारण प्राण्याच्या किती जवळचा ठिपका मोजायचा आणि कोणता सोडायचा, हे मोजणाराच ठरवतो.

ठिपक्यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. आपण सरसकट ‘ठिपका’ म्हणतो, पण फ्रान्समधल्या शोव्हे गुहेतले मोठे लाल ठिपके तळहाताला रंग लावून भिंतीवर दाबलेले आहेत. स्पेनमधल्या एल कास्तिलो गुहेत लाल चकत्यांची लांब रांग आहे. त्या गुहेतल्या एका चकतीवरच्या क्षारांच्या थराचं वय मोजलं तेव्हा ती किमान ४०,८०० वर्षांपूर्वीची ठरली. फ्रान्समधल्या पेश-मेर्ल गुहेतल्या ठिपकेदार घोड्यांवरचे ठिपके तोंडातून फवारलेले असावेत. फ्रेंच अभ्यासक मिशेल लोरब्लाँशे यांनी कोळसा चावून, हाताची आडोशासारखी कड धरून, भिंतीवर थुंकत ते अख्खं चित्र पुन्हा काढून दाखवलं. ३२ तास लागले. आणि २०११ मध्ये प्राचीन घोड्यांच्या डीएनएवरून कळलं की अंगावर असे ठिपके असलेले घोडे त्या काळी खरोखर होते. पण तिथे ठिपके घोड्याच्या रेषेबाहेरही आहेत! म्हणजे एकाच भिंतीवर काही ठिपके कातडीचे आणि काही आणखी कशाचे तरी.

जागाही बोलते. निओ गुहेत काळे गवे आणि घोडे खूप आत, एका मोठ्या दालनात आहेत. तिकडे जाताना, बोगद्यांच्या तिठ्याजवळ, लाल रंगातले ठिपके, रेघा आणि ती फुगवट्याची चिन्हं एकत्र येतात. जाणाऱ्याला तिथे काहीतरी सांगायचं होतं, एवढं मी खात्रीने म्हणेन.

आपल्याकडची आठवण तुम्हाला होणारच. कोकणातल्या कातळशिल्पांत प्राण्यांबरोबर चौकोनी भौमितिक रचना आहेत, गोव्यात उसगाळीमळला कुशावतीकाठी जांभ्यावर चक्रव्यूह कोरलाय. ही शिल्पं गुहेत नाहीत, उघड्या कातळावर आहेत, म्हणून युरोपातले अर्थ त्यांना चिकटवू नका. पण पद्धत तीच लागेल: कुठल्या गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोणती रचना आहे आणि कुठे नाही याची पूर्ण नोंद. कोकणातली काही स्थळं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आहेत. बाकीच्या सड्यांची नोंद चिरेखाणी तिथे पोचण्याआधी व्हायला हवी, कारण एक सडा खणला गेला की त्या नकाशातला तेवढा भाग कायमचा कोरा राहतो.