कतारचा फुटबॉल वर्ल्ड कप खरंच 'कार्बन न्यूट्रल' होता का? फिफाच्या आश्वासनांवर विश्वास ठेवावा का?

नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या जाहिरातींच्या स्वनियमन आयोगानेच जून २०२३ मध्ये हा दावा (म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडला तेवढा भरून काढल्याचा) सिद्ध होत नसल्याचं सांगून फिफाला तो पुन्हा करू नका म्हणून सुनावलं.

स्पर्धेच्या कार्बन उत्सर्जनाचा फिफाचा स्वतःचा अंदाज सुमारे ३६ लाख टनांचा. पण खरी मेख स्टेडियममध्ये. कायमस्वरूपी स्टेडियमच्या सिमेंट-पोलादाचं उत्सर्जन त्यांच्या अख्ख्या आयुष्यावर पसरवलं आणि स्पर्धेच्या खात्यात फक्त वापराच्या दिवसांपुरता हिस्सा धरला! स्पर्धा नसती तर ती बांधली असती का, हे कुणी विचारायचं? आणि जे उत्सर्जन खात्यात धरलं, ते कार्बन क्रेडिट (दुसरीकडे कुणीतरी उत्सर्जन कमी केल्याची प्रमाणपत्रं) विकत घेऊन वळतं करायचं.

आता फिफाचं वचन आहे २०३० पर्यंत उत्सर्जन निम्मं, २०४० पर्यंत नेट झीरो (निव्वळ शून्य). आणि २०२६ साठी संघ ३२ चे ४८, सामने ६४ चे १०४, तेही तीन देशांत. मी तरी आधी विमानप्रवासाचा आकडा बघेन.