शब्दांची विचारपूस : माज

प्रश्न : खिडकीवरच्या एका कर्मचाऱ्याबद्दल मी ‘माज आलाय त्याला’ असं लिहिलं. संपादकांनी खोडून ‘गर्व’ केलं. म्हणे, माज जनावरांना येतो. बरोबर काय? ‘शेखी’ आणि ‘माज’ एकच का?

उत्तर : तुमचंच ठेवा. संपादकांची शंका मात्र अगदीच पोकळ नाही. संस्कृत ‘माद्यति’ (मत्त होतो), प्राकृत ‘मज्जइ’, मराठी ‘माजणे’. ‘अद्य’चं ‘आज’ झालं त्याच वाटेने. मूळ भाव अंगात न मावणाऱ्या जोराचा. म्हणून तण माजतं, रान माजतं, अंदाधुंदीही माजते. गोठ्यात हा शब्द रोजचा आहे. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते, म्हणजे फळायला तयार होते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करतात, म्हणजे तिला गाभण राहण्यासाठी वीर्य देतात. म्हैस, विशेषतः उन्हाळ्यात, ‘मुका माज’ करते. लक्षणं दिसत नाहीत, वेळ हुकते आणि पुढचं वेत (विणं) लांबतं.

माणसाला माज ‘येतो’, ‘चढतो’. तो ‘करतो’ किंवा ‘दाखवतो’. दुसरे तो ‘उतरवतात’ किंवा ‘जिरवतात’. ‘माजात आहे’ चालतं. ‘माजावर आहे’ हे मात्र जनावरापुरतंच. माणसाबद्दल लिहिलंत तर भलताच अर्थ होईल. कशाचा माज तेही सांगावं : पैशाचा, खुर्चीचा.

शेखी वेगळी. ती ‘मिरवतात’, बढाई-फुशारकी ‘मारतात’, आणि तिन्हींना बोलावं लागतं, ऐकणारा लागतो. तुमच्या कर्मचाऱ्याने मान वर न करता कागद परत सरकवला असेल, तर एक शब्द न बोलता त्याने माज केला. ‘गर्व’ मनात राहू शकतो, माज वागण्यात दिसतोच. शब्द कडक आहे. वडीलधाऱ्यांबद्दल वापरला तर भांडण ठरलेलं. हल्ली ‘मराठी असल्याचा माज’ कौतुकाने मिरवतात. घोषणेत ठीक, निबंधात ‘अभिमान’ लिहावा.

प्रश्न : ‘माजी आमदार’ आणि ‘माजघर’ यांत हाच माज आहे का?

उत्तर : नाही. ‘माजी’ अरबीतला, अर्थ ‘गेलेला, पूर्वीचा’. त्यातला ज ‘जीव’मधला, तर ‘माज’मधला ‘आज’मधला. ‘माजघर’ म्हणजे मधलं घर. ‘मध्य’, ‘मज्झ’ असं ते आलं.