दिल्लीहून नादिरशहाने नेलेलं मयूर सिंहासन आता तेहरानच्या गोलेस्तान राजवाड्यात बघायला मिळतं का?

नाही, शहाजहानचं ते सिंहासन आज कुठेच नाही, 1739 मध्ये नादिरशहाने नेलं आणि 1747 मध्ये त्याचा खून झाल्यावर जी लुटालूट झाली त्यात ते मोडलं गेलं असं इतिहासकार मानतात. घोळ होतो कारण इराणमध्येही एक 'तख्त-ए-ताऊस', म्हणजे मयूर सिंहासनच, आहे, पण ते नंतरचं, काजार घराण्याच्या फतह अली शाहने बनवून घेतलेलं, आणि तेसुद्धा आधी गोलेस्तानमध्येच होतं, आता मात्र तेहरानमध्येच सेंट्रल बँकेच्या जवाहिरखान्यात ठेवलंय. दिल्लीच्या लुटीतला दर्या-ए-नूर हिरा पण तिथेच आहे, त्यामुळे नादिरशहाचा माल बघायचा असेल तर बँकेचा जवाहिरखाना गाठा. तरी गोलेस्तान चुकवू नका हं, तिथलं 1806 चं संगमरवरी तख्त जागेवरच आहे, इराणच्याच यझद शहराचा पिवळसर दगड, 65 तुकडे जोडलेले आणि खालून पऱ्या नि राक्षस ते उचलून धरतायत, वर आरसेकाम तर इतकं की नजर ठरत नाही. फक्त जायच्या आधी जवाहिरखान्याच्या वेळा बघून घ्या, तो रोज उघडा नसतो.